एनसीव्हीचा शॉक आणि एक शंका: नसेतून वीज इतकी सावकाश कशी?

तीन_फेज (धागाकर्ता)

मंडळी, चौतीस वर्षं सबस्टेशनात काढली, आता निवृत्त. गेले चार महिने उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात. हात झटकला की जरा बरं वाटतं. स्कूटर दहा मिनिटं चालवली की पुन्हा मुंग्या. डॉक्टरांनी एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजायची टेस्ट) करायला सांगितलं, काल करून आलो.

ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर चिकटपट्ट्या लावल्या. मनगटावर शॉक दिला, अंगठा टणकन उडाला. मग कोपराच्या लवणीत शॉक, पुन्हा अंगठा उडाला. टेस्ट घेणाऱ्या मुलीने दोन खुणांमधलं अंतर चक्क शिंप्याच्या टेपने मोजलं: २१ सेंमी. स्क्रीनवर मनगटापासूनचा वेळ ४.९ मिलिसेकंद, कोपरापासूनचा ८.९. फरक ४. भागाकार मी टेबलावर पडल्या पडल्याच केला. ५२.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १८९ किमी.

इथे माझं डोकं अडकलं. केबल फॉल्ट शोधताना आम्ही पल्स सोडायचो, ती एका मायक्रोसेकंदात १६०-१७० मीटर जाते. माझ्या हातातली वीज त्यापेक्षा तीस लाख पटींनी मंद? मग ती वीज आहे की दुसरंच काही? आणि असेल तर बॅटरी कुठे आहे? मुलीला विचारलं तर म्हणाली, "काका, हात हलवू नका."

आणखी एक. सुरू करण्याआधी तिने हाताला हात लावून पाहिला, "गार आहे" म्हणाली आणि दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी धरायला लावली. मला वाटलं, थंडीचे दिवस, माणुसकी दाखवतेय.

---

चाफेकळी

सासूबाईंना हेच होतं. रात्री मनगटाला स्प्लिंट बांधून झोपायच्या, फरक पडला. विजेचं मला कळत नाही, पण वाचतेय.

---

शेवटचा_बाक

तीन_फेज, शंका फक्कड आहे. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

नसेला वायर समजलं की पहिल्याच पायरीला घसरायला होतं. तांब्याच्या मानाने पेशीच्या आतला खारट रस कैक कोटी पटींनी वाईट वाहक आहे, आणि तंतू तर केसाहून बारीक. एक मायक्रॉन जाडीचा तंतू घेतला तर त्याच्या नुसत्या एका मिलीमीटरचा रोध शंभर कोटी ओहमच्या वर जातो. शिवाय इन्सुलेशन गळकं. एका टोकाला व्होल्टेज दिलं तर एक-दोन मिलीमीटरमध्येच त्याचा जीव जातो. तुमच्या मनगटापासून अंगठ्यापर्यंतही ते पोचणार नाही, पायाच्या बोटाची तर बातच सोडा.

म्हणजे तुमच्या हातात जे धावलं ते 'या टोकाला घातलं आणि त्या टोकाला निघालं' असलं नव्हतंच. प्रत्येक टप्प्यावर ते नव्याने तयार होत होतं.

---

नीरा_डावा

आमच्या भाषेत सांगू का? जुना मातीचा पाट. हेडला पाणी सोडलं तरी टेलच्या शेतकऱ्याला मिळत नाही, वाटेतच मुरतं. टेलला पाणी न्यायचं तर वाटेत जागोजागी ज्याने त्याने आपली मोटार चालू करून विहिरीतलं पाणी त्यात ओतायला हवं. वरच्याचं पाणी आलेलं दिसलं की खालच्याने मोटार चालू करायची. टेलला पोचलेलं पाणी हेडचं नसतंच, शेवटच्या विहिरीचं असतं.

असंच काहीतरी म्हणताय ना?

---

शेवटचा_बाक

@नीरा_डावा, पुढच्या वर्षी वर्गात हेच सांगणार. वेळही तिथेच जातो बघा. पाणी पाटातून पळायला जितका लागतो तितकाच शेतकऱ्याला उठून बटण दाबायला.

---

नीट_रिपीटर

हे सोपं आहे. सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. पंप सुरू झाला की इम्पल्स तयार होतो आणि पुढे जातो. दरवर्षी यावर प्रश्न असतो.

---

भूलवाली

@नीट_रिपीटर, आकडे बरोबर, पण पंपाला नको ते श्रेय दिलंस. परीक्षेत पर्याय 'क' म्हणून नेमकं हेच देतात, सांभाळ.

मी भूलतज्ज्ञ आहे. या नसा बंद पाडणं हाच धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन_फेज, आधी तुमची बॅटरी. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम भरपूर. आत पोटॅशियम साधारण १४० एकक असेल तर बाहेर ४-५. सोडियमचं उलट, बाहेर १४५ आणि आत १०-१५. हा साठा पंप करून ठेवतो. पेशी निवांत असताना तिच्या भिंतीत पोटॅशियमसाठी काही फटी उघड्या असतात. पोटॅशियम आतून बाहेर झिरपतं, जाताना धन भार घेऊन जातं, आतली बाजू ऋण होते. ऋण झाल्यावर ती त्यालाच मागे ओढायला लागते. ही ओढाताण जिथे तुल्यबळ होते तिथे काटा थांबतो: आत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट.

७० मिलिव्होल्ट ऐकून हसू नका. भिंतीची जाडी किती? जेमतेम ५ नॅनोमीटर. भागाकार तुम्हीच करा.

आता भिंतीत दुसऱ्या प्रकारची दारं असतात, सोडियमची. त्यांना व्होल्टेज 'कळतं'. आतलं व्होल्टेज उणे ५५ च्या आसपास चढलं की ती उघडायला लागतात. सोडियम आत घुसतं, त्यामुळे आत आणखी धन होतं, त्यामुळे आणखी दारं उघडतात. एकदा ही चढाओढ सुरू झाली की मध्ये थांबत नाही. मिलिसेकंदाच्या आत व्होल्टेज शून्य ओलांडून अधिक ३०-४० पर्यंत जातं. मग सोडियमची दारं आपोआप अडकतात, पोटॅशियमची जास्तीची दारं जरा उशिराने उघडतात, आणि सगळं पुन्हा खाली. हा जो टोकदार उसळा, तोच इम्पल्स. एकतर पूर्ण येतो, नाहीतर येतच नाही. जोराचा शॉक दिला म्हणून उसळा मोठा होत नाही. फार तर जास्त तंतू पेटतात.

यात पंप कुठेच नाही. तो मागे बसून गुपचूप चार्जिंग करतो. पंप बंद पाडला तरी जाड तंतू हजारो इम्पल्स देत राहतो, कारण एका उसळ्यात साठ्यातलं फारच थोडं खर्च होतं. भिंतीच्या एका चौरस मायक्रॉनमागे सुमारे सहा हजार आयन इकडचे तिकडे झाले की शंभर मिलिव्होल्टचा फरक पडतो. आतल्या कोट्यवधींच्या मानाने हे म्हणजे पोत्यातले चार दाणे.

आणि आयन जातात ते भिंतीच्या आरपार. अंगठ्याच्या दिशेने धावणारे आयन नाहीत. धावतो तो दारं उघडण्याचा क्रम.

---

तीन_फेज

भागाकार केला. ०.०७ व्होल्ट भागिले ५ नॅनोमीटर, म्हणजे सेंटिमीटरला १,४०,००० व्होल्ट! हवा तीस हजारांच्या आसपास फुटते. आमच्या बुशिंगचं इन्सुलेशन यापुढे काहीच नाही. आता हाताकडे जरा आदराने बघतोय.

आणि @नीट_रिपीटर, नाराज होऊ नकोस. तू रिपीटर, माझी नसही रिपीटर. लांब लाईनवर दर काही अंतरावर सिग्नल नव्याने उभा करायचा, हीच पद्धत. आता एक सांगा. मधल्या कोपरावर शॉक दिला तर तो वरही जायला हवा, खांद्याकडे. गेला का? आणि एरवी इम्पल्स पुढे जाता जाता मागे का वळत नाही?

---

भूलवाली

गेला ना, दोन्हीकडे गेला. वरचा मणक्याकडे गेला, तुम्हाला त्याची फिकीर नव्हती. एरवी मागे वळत नाही कारण मागची दारं नुकतीच अडकलेली असतात. त्यांना मोकळं व्हायला मिलिसेकंदभर लागतो, तोवर इम्पल्स पुढे सटकलेला असतो.

---

तीन_फेज

रिक्लोजरचा डेड टाइम, म्हणजे ट्रिप झालेली लाईन पुन्हा जोडण्याआधीचा थांबा. समजलं.

---

बांगडाप्रेमी

हे सगळं कळलं कुणाला आणि कसं? एवढ्या बारीक तंतूच्या आत वायर घालणार कशी?

---

शेवटचा_बाक

तुमच्या आयडीला शोभेल असं उत्तर आहे. माकुलामुळे.

माकूल म्हणजे स्क्विड, संकट दिसलं की अंगातलं पाणी एका झटक्यात मागे फेकून पळतं. त्यासाठी त्याच्या अंगाच्या पिशवीतले स्नायू सगळे एकदम आवळले जायला हवेत. म्हणून तिथे जाणारा तंतू भलता जाड असतो, अर्धा ते एक मिलीमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९३६ च्या सुमारास जे. झेड. यंग यांनी ही नस आहे हे ठासून सांगितलं. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या प्लिमथमध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्या तंतूच्या कापलेल्या टोकातून काचेची बारीक नळी सरळ आत सरकवली. तोवरचा समज असा की उसळ्याच्या वेळी भिंत सच्छिद्र होते आणि व्होल्टेज फार तर शून्यावर येतं. यांना दिसलं की ते शून्य ओलांडून चांगलं धन होतं. जुना सिद्धान्त तिथेच लंगडा झाला. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि दोघं लष्करी कामाला गेले.

युद्धानंतर त्यांनी व्होल्टेज एका आकड्यावर बांधून ठेवायची युक्ती वापरली (मूळ युक्ती अमेरिकेतल्या केनेथ कोल यांची) आणि कोणत्या व्होल्टेजला सोडियमचा किती प्रवाह, पोटॅशियमचा किती, हे वेगळं काढलं. त्यावर समीकरणं बसवली. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक हवा होता, तो नेमका दुरुस्तीसाठी सहा महिने बंद. हक्सलींनी हाताने दांडा फिरवायचं ब्रुन्सव्हिगा यंत्र घेतलं आणि सुमारे तीन आठवडे दांडा फिरवला. उत्तर आलं: इम्पल्सचा वेग १८.८ मीटर प्रतिसेकंद. माकुलाच्या खऱ्या तंतूत मोजलेला: २१.२. हे पेपर १९५२ चे, नोबेल १९६३ चं. मला स्वतःला नोबेलपेक्षा तो दांडा मोठा वाटतो.

आणि एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी माकुलाच्या तंतूवर छोटा रोलर फिरवून आतला रस टूथपेस्टसारखा पिळून काढला, रिकाम्या नळीत नुसतं पोटॅशियमचं मीठपाणी भरलं, आणि ती रिकामी नळी पुन्हा इम्पल्स देत बसली. सगळा खेळ भिंतीचा आणि दोन बाजूंच्या मिठांचा, याला आणखी पुरावा काय हवा?

---

बांगडाप्रेमी

रविवारी माकुलाच्या रिंगा तळल्या होत्या. आता मनाला लागणार.

---

नीट_रिपीटर

माकुलाचा तंतू एक मिलीमीटर जाड आणि वेग २१. काकांचा तंतू किती जाड? आणि वेग ५२ कसा?

---

भूलवाली

हा प्रश्न चांगला विचारलास. काकांचे जलद तंतू असतील दहा-पंधरा मायक्रॉनचे. माकुलाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे, आणि तरी दुप्पट-अडीचपट वेगवान. कारण मायलिन.

नीरा_डावांचाच पाट घ्या. त्याला अस्तर लावलं की मुरणं थांबतं, मोटारींची संख्या कमी चालते. नसेवर 'श्वान' नावाच्या पेशी चरबीदार पापुद्र्यांचे वेढ्यावर वेढे घालतात. साधारण दर मिलीमीटरला मायक्रॉनभराची उघडी फट ठेवतात, ती रांव्हिएची गाठ. सोडियमची दारं त्या गाठींत दाटीवाटीने बसलेली. मधल्या वेढ्याखालून व्होल्टेज जवळजवळ न गळता पुढच्या गाठीपर्यंत पोचतं, तिथे नवा उसळा. 'उडी मारतो' असं पुस्तकात लिहितात, पण मधला भाग तो टाळत नाही, तिथून फक्त न थांबता जातो.

तीन_फेज, तुमच्या २१ सेंमीत अशा दोनशेच्या आसपास गाठी येतात. ४ मिलिसेकंद भागिले दोनशे: एका गाठीला २० मायक्रोसेकंद. तुमची सगळी 'मंदगती' त्यात आहे.

गरम पिशवीचंही आलं ध्यानात? दारं म्हणजे प्रथिनं, गारठ्यात ती सावकाश उघडतात. हात एक अंश गार असला तर वेग दोनेक मीटरने पडतो. थंड हाताची टेस्ट घेतली असती तर धडधाकट नसही आजारी दिसली असती. ती मुलगी हुशार होती.

---

तीन_फेज

आणि मी माणुसकी समजलो. असो. पण दोन ठिकाणी शॉक का? दुखणं तर मनगटात आहे म्हणतात.

---

शेवटचा_बाक

मनगटापासूनच्या ४.९ मध्ये नसेचा वेळ, शेवटी नसेकडून स्नायूकडे रसायनाने निरोप जायचा वेळ, स्नायूचा स्वतःचा वेळ, सगळं मिसळलेलं असतं. कोपराच्या ८.९ मध्येही तेवढीच भेसळ आहे. वजाबाकी केली की भेसळ उडते, निव्वळ २१ सेंमीचा वेळ राहतो. ही युक्ती हेल्महोल्ट्झ यांची, १८५० सालची, बेडकाच्या पायावर. नसेला स्नायूजवळ डिवचायचं, मग लांब डिवचायचं, फरक घ्यायचा. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना हा वेग कधी मोजता येईल असं वाटत नव्हतं. बेडकात निघाला सेकंदाला तीसेक मीटर.

---

भूलवाली

आणि तुमचा बाहूतला ५२.५ व्यवस्थित आहे, मनगटापासूनचा ४.९ मात्र जरा जास्तच वाटतो. मनगटाच्या बोगद्यात नस दाबली की तिथल्या मायलिनवर आधी परिणाम होतो. पुढचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला, धाग्यावर निदान नको.

---

रायगडवाला

सोडियमची दारं 'अडकतात' असं वर आलंय. ती अडकलीच नाहीत तर? आमच्या भागात लहानपणी हे रोजचं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. लाल विंचू. त्याच्या विषातले घटक सोडियमची दारं बंद होऊ देत नाहीत, नसा पेटत्याच राहतात. माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब वर, आणि मग फुप्फुसात पाणी. पोरं जायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वापरलं आणि मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं.

माझ्या चुलतभावाला चावला तेव्हा आधी मांत्रिकाकडेच नेलं होतं. दोन तास गेले. तो वाचला, पण ते दोन तास काकू अजून विसरलेली नाही.

---

भूलवाली

अगदी बरोबर उदाहरण. मी त्याच दारांना उलट करते. लिग्नोकेन हे भुलीचं औषध भिंतीतून आत शिरतं आणि आतल्या बाजूने दार अडवतं. बारीक, दुखण्याचे तंतू आधी बंद पडतात. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे 'ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही' हे ऐकू येतं. आणि दाताखाली पू झाला असला की भूल नीट लागत नाही, कारण तिथलं आम्ल औषधाला भिंतीतून आत जाऊ देत नाही. दरवेळी डॉक्टरचा हात वाईट नसतो हो!

---

चाफेकळी

पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की आधी चमक येते आणि मग सेकंदभराने ठणका सुरू होतो, त्याचं कारणही हेच का?

---

भूलवाली

हेच. चमक आणते बारीक मायलिनवाली नस, सेकंदाला पाच ते तीस मीटर. ठणका येतो बिनमायलिनच्या तंतूंतून, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आधीपासून आहेत, हे मला फार आवडतं.

---

धायरीकर

उशिरा लिहितोय. २०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्याच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (गुईलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली तेव्हा माझ्या मेव्हण्याला झाला. आधी जुलाब, आठवड्याभराने पाय उचलेनात, मग हात. शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. तेव्हा एनसीव्ही हा शब्द घरात रोज होता. डॉक्टरांनी सांगितलेलं तेव्हा कळलं नव्हतं, आज या धाग्यामुळे कळलं: काहींचं नुसतं अस्तर जातं, काहींची नसच मार खाते. अस्तर पुन्हा चढतं. तुटलेला तंतू मात्र दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतो. मेव्हण्याचा हात लवकर सुधारला, पाऊल अजून ओढतो. मणक्यापासून पावलापर्यंत किती मिलीमीटर होतात ते मी मोजून बसलोय.

---

तीन_फेज

धायरीकर, पाऊल लवकर सुधारो. वाचून गप्प झालो.

---

शेवटचा_बाक

तीन_फेज, घरच्या घरी वेग मोजायचा आहे? पंधराएक माणसं एका रांगेत उभी करा, डोळे मिटून, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याने दाबायचं, कळलं की पुढच्याने पुढे. एकूण वेळ घ्या. मग तेच पुढच्याच्या घोट्याला धरून. घोट्याचा निरोप मेंदूपर्यंत यायला दर माणशी मीटरभर जास्त अंतर पडतं. वजाबाकी करा. हेल्महोल्ट्झच, फक्त बेडूक आपण.

---

तीन_फेज

आज केलं. नातीचा वाढदिवस, अंगणात १४ जण. खांद्याच्या पाच फेऱ्यांची सरासरी ३.९ सेकंद, घोट्याच्या ४.३. फरक ०.४, माणशी २८-२९ मिलिसेकंद. घोटा ते खांदा १०५ सेंमी धरले. वेग ३६-३७ मीटर प्रतिसेकंद.

घोट्याच्या फेरीत आमच्या आत्याला गुदगुल्या होत होत्या, तिच्यापाशी दरवेळी सिग्नल अडकायचा. आणि एक फेरी तर खांद्याच्या फेरीपेक्षाही लवकर संपली. चौकशीत कळलं, मामेभाऊ डोळे उघडे ठेवून दाबत होता. ती फेरी हिशेबात धरलेली नाही.

स्प्लिंट कालपासून बांधतोय.